चढावरच्याला आधी

रत्नागिरीत सपाट रस्ता हवा असेल तर समुद्राच्या कडेला जावं लागतं, आणि तिथेही तो फार वेळ पुरत नाही. भाट्याचा पूल ओलांडावा, झरीविनायकाला हात जोडावे, सुरूच्या बनाच्या कडेने जरा पाय सैल सोडावेत, तोवर रस्ता डोंगराला लागलेला असतो. मग फणसोप, गोळप करत पावसपर्यंत त्याचं वर-खाली चालूच. उत्तरेला गेलात तर साखरतरचा पूल, काळबादेवी आणि पुढे आरे-वारे. शहरात तर विचारूच नका. मांडवीवर वारा खाऊन मारुती मंदिराकडे निघालेला माणूस खाल्लेला वारा घामावाटे परत देऊनच पोचतो. जेवढा चढ तेवढाच उतार, शेवटी हिशेब जुळतो, असं गणिताचे मास्तर सांगतील. ते सायकलवरून फिरत नसणार. चढ अर्धा तास पुरतो आणि उतार दोन मिनिटांत संपतो. त्या दोन मिनिटांतही समोरून चिऱ्यांचा ट्रक येत असतो.

म्हणून रत्नागिरीला कोणी सायकलींचं शहर म्हटल्याचं ऐकिवात नाही. तो मान पुण्याचा, आणि पुण्याने तो केव्हाच स्कूटरींच्या हवाली केला. कोकणी माणूस मुळात चालणारा. धोंडो केशव कर्वे, पुढचे महर्षी, पोरवयात परीक्षा द्यायला मुरुडहून साताऱ्याला गेले ते घाट चढून, पायी. तिथे वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. सायकल असती तर आणखी लवकर पोचले असते आणि आणखीच लहान दिसले असते.

तरी सायकल इथे होतीच. पहाटे पों-पों करत येणारा पाववाला, पेपर टाकणारी पोरं, पोस्टमन, शाळेचे शिपाई, हातात करणी आणि दांड्याला डबा अडकवून कामावर निघालेला गवंडी. या मंडळींनी आपण सायकलिंग करतो असं कधी म्हटलं नाही. ती कामाला जात होती. सायकलिंग नंतर आलं. दापोलीत सायकलवाल्यांचा क्लब झाला, चिपळुणात झाला, रत्नागिरीत झाला, आणि रविवारी पहाटे टोप्या घातलेली, पोटऱ्या दाखवणारी माणसं गणपतीपुळ्याच्या वाटेला लागली. सायकलीला गिअर आले. किमतीही आल्या, त्या घरी सांगताना एक शून्य गाळायची पद्धत आहे असं म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत तर मुंबई-पुण्याची मंडळी किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला निघतात. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींत सायकली चढवतात आणि बोट पलीकडे लागेपर्यंत त्यांच्या तोंडावर जे सुख असतं ते मोटारीत बसलेल्यांच्या तोंडावर मी पाहिलेलं नाही. कारण उघड आहे. खाडी हा त्यांच्या सबंध वाटेवरचा एकमेव सपाट भाग.

आता यात एक गंमत बघा. हेल्मेटवाला सायकलस्वार घाट चढताना दिसला की मोटारवाला काच खाली करतो, अंगठा दाखवतो, मागच्या सीटवरचं पोर मोबाईलवर त्याचं चित्रण करतं. आणि त्याच चढावर पाववाला दिसला, पुढे-मागे करंड्या, पायात स्लिपर, वय साठीच्या पलीकडे, तर त्याला हॉर्न. दोघेही तोच चढ चढत असतात. पाववाल्याच्या सायकलला तर गिअरही नसतात. त्याचा दोष एवढाच की तो हे हौसेने करत नाही.

हॉर्नवर एक स्वतंत्र प्रकरण लिहायला हवं, पण त्यातले जाणकार आमचे शेजारी नाना. बँकेतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट पुढे सरकवला आणि नानांनी सायकल घेतली. मागे वळून न बघता मागे कोण आहे हे ते सांगतात. एसटीचा हॉर्न दमदार आणि एकदाच. त्यात "मी आहे" एवढंच असतं, कारण ड्रायव्हरला पुढे थांबा आहे हे ठाऊक असतं. रिक्षाचा हॉर्न बारीक, वारंवार, पण त्यात राग नसतो, सवय असते. आंब्याच्या पिकअपचा हॉर्न दुरून सुरू होतो आणि जवळ आला तरी संपत नाही, कारण पेट्या रातोरात वाशीला पोचायच्या असतात. आणि मे महिन्यातल्या पाहुण्या गाड्यांचा हॉर्न, नाना म्हणतात, "हा बघ, हा सिग्नलवरचा हॉर्न आहे. तिकडे सिग्नल हिरवा झाला की वाजवायचा असतो. इकडे सिग्नल नाही म्हणून तो बिचारा झाडं हिरवी दिसली तरी वाजवतो."

ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी झाली. लोक उगाच हॉर्न वाजवतात, त्याला हे वाक्य चिथावणी देतं, असं कारण होतं. पाटी गेली, पण लोकांना ती आधीच पाठ झाली होती. खरं तर मागून मोटार येते आहे हे सायकलवाल्याला कळतंच. त्याला काच नाही, एसी नाही, गाणी नाहीत. टायरचा आवाज, इंजिनाची घरघर, सगळं उघड्या कानांवर येतं. हॉर्नने त्याला नवी बातमी मिळत नाही, दचकायला मात्र होतं. आणि दचकलेला सायकलवाला कुठे जाईल हे त्यालाही सांगता येत नाही.

हे दचकणं चढावर अधिक घातक, त्याचं कारण सायकलीच्या चालण्यात आहे. सायकल उभी राहते ती सरळ जाते म्हणून नव्हे. ती सारखी थोडी थोडी वळत असते म्हणून. जिकडे कलली तिकडे हँडल न्यायचं, की तोल पुन्हा सावरतो. हे आपण शिकताना गुडघे फोडून शिकतो आणि मग विसरतो. वेग असला की हे वळणं इतकं बारीक होतं की दिसत नाही. वेग कमी झाला की मोठं होतं. म्हणून चढावरचा सायकलवाला नागमोडी जातो. मोटारवाल्याला वाटतं हा मुद्दाम आडवा येतो, किंवा सकाळीच घेऊन आला आहे. घेऊन कोणी आलेलं नसतं. तो पडू नये एवढंच बघत असतो, आणि त्यासाठी त्याला सपाटीवर लागते त्याहून हातभर जास्त जागा लागते. म्हणजे जिथे रस्ता सगळ्यात अरुंद आणि वळणाचा, नेमकी तिथेच त्याला जागा जास्त हवी. देवाने चढ केला तेव्हा हे लक्षात घेतलेलं दिसत नाही, आणि बांधकाम खात्याने तर नाहीच.

किती जागा सोडायची याचे परदेशात आकडे ठरले आहेत. फ्रान्समध्ये सायकलवाल्याला ओलांडताना गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं. जर्मनीने २०२० साली गावात दीड आणि बाहेर दोन मीटर ठरवलं. वाचून बरं वाटलं आणि मी इथला हिशेब मांडला. आपल्याकडच्या एकेरी रस्त्याच्या डांबराची रुंदी साधारण पावणेचार मीटर. मोटार पावणेदोन मीटर. सायकलचं हँडल अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. दोघेही आपापल्या कडेला अगदी चिकटून गेले तरी मधे दीड मीटर उरत नाही. आणि कडेला चिकटून कोण जाणार? कडेला साईडपट्टी आहे, म्हणजे कागदावर आहे. प्रत्यक्षात तिथे पहिल्या पावसाने केलेला वीतभर खड्डा, त्यात काचा, त्यापलीकडे गटार, त्यापलीकडे जांभ्याचा गडगा. राम आळीत तर फ्रेंच नियम पाळायचा म्हटला तर मोटारीला एखाद्या कापड दुकानात शिरून पलीकडून बाहेर यावं लागेल. तेव्हा या गावाला लागू पडणारं उत्तर मीटरमध्ये नाही. उत्तर असं की कित्येक ठिकाणी ओलांडताच येत नाही. कोणीतरी एकाने थांबायचं.

एकदा नाना आणि एका रिक्षावाल्याचा संवाद गोखले नाक्याजवळ माझ्या समोर झाला.

"नाना, वाईच बाजूला घ्या."

"अरे बाजूला गटार आहे."

"मग गटारातनं घ्या. पाऊस कुठं सुरू झालाय अजून?"

नाना उतरले, सायकल उचलून पायरीवर घेतली, रिक्षा गेली. पुढच्या वळणावर रिक्षावाला भाड्याची वाट बघत उभा होता. नाना त्याला ओलांडून गेले. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. गावातल्या वाहतुकीचा एकूण वेग यापेक्षा जास्त नाही हे सगळ्यांना माहीत आहे. घाई मात्र बायपासची असते.

थांबायचं कोणी, हा प्रश्न कोकणाने मोटारी यायच्या कितीतरी आधी सोडवला होता. दोन गडग्यांमधली पाणंद आठवा. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. समोरून बाई येते, डोक्यावर कवळाचा भारा, किंवा पातेऱ्याचा झाप, किंवा कळशीवर कळशी. तिला मान वळवता येत नाही, पाय अडखळून चालत नाही, थांबली तर पुन्हा निघायला कष्ट. अशा वेळी मोकळ्या हाताच्या माणसाने गडग्याला पाठ लावून उभं राहायचं. तिने काही बोलायचं नसतं, त्यानेही नसतं. मान, वय, जात, घराणं यांची इतर सगळीकडे बारकाईने मोजदाद करणारं गाव पाणंदीत एवढा एकच हिशेब करायचं, डोक्यावर भारा कोणाच्या आहे. खोतसुद्धा बाजूला होत असे की नाही याबद्दल मात्र गावात दोन मतं ऐकायला मिळतात.

आणि बघा, सरकारी नियमातही हेच आहे. १९८९ च्या रस्ता-नियमांत असं सांगितलेलं होतं की डोंगराळ किंवा तीव्र चढाच्या रस्त्यावर, दोन वाहनं सुखरूप एकमेकांना पार करतील एवढी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्याने कडेला थांबावं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. कारण साधं. उतरणारा थांबला तर त्याला पुन्हा निघायला ब्रेकवरचा पाय काढला की पुरे. चढणारा थांबला तर त्याला सगळा जोर नव्याने आणावा लागतो. सायकलवाल्याच्या बाबतीत तर विचारायलाच नको. अर्ध्या चढावर उतरलेला सायकलवाला पुन्हा बसून निघाल्याचं क्वचितच दिसतं, उरलेला चढ तो हातात सायकल धरून, मोबाईल बघितल्यासारखं करत चालतो. पुढे २०१७ साली वाहन चालवण्याचे नवे नियम आले. त्यांत पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, वृद्ध, अपंग यांची विशेष काळजी घेण्याचं कर्तव्य चालकावर टाकलेलं आहे. हे नियम लायसन्सच्या परीक्षेपुरते वाचले जातात. आठ काढून दाखवला की माणूस सुटतो.

पहिला नियम समोरून येणाऱ्यासाठी आहे. मला तो मागून येणाऱ्यालाही लावावासा वाटतो. चढावर पुढे सायकल असेल तर तिच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न न देता, वळण सरेपर्यंत राहायचं. किती वेळ जातो? आरे-वारेच्या चढावर फार तर दोन-तीन मिनिटं. तेवढा वेळ वाचवून पुढे लोक काय करतात तेही आपण बघतो. वर पोचले की गाडी भर वळणावर उभी करून समुद्राबरोबर फोटो काढतात. मागून तो सायकलवाला धापा टाकत येतो आणि आता त्याला त्यांच्या गाडीला वळसा घालून रस्त्याच्या मधून जावं लागतं. समुद्र कुठे पळून जात नाही हो. तो सायकलवाल्यालाही दिसतो, आणि जास्त वेळ दिसतो.

वेगाचं एक गणित तेवढं सांगून टाकतो, कारण त्यात विनोद करण्यासारखं काही नाही. ताशी साठचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढे काही दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, त्या एका सेकंदात गाडी १७ मीटर गेलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच. आमच्या रस्त्यांना वळणापलीकडे तेवढंही दिसत नाही. मधे गडगा असतो, आंब्याची कलमं असतात, निवडणूक होऊन गेलेल्या उमेदवाराचा बॅनर असतो. २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली साडेचार हजारांहून जास्त सायकलवर होती. ती सगळी कुठे ना कुठे निघालेली होती.

पण सायकलवाला म्हणजे सगळ्या बाजूंनी सोवळा, असंही नाही. पाणंदीचा नियम त्यालाही लागू आहे. भाट्याच्या पुलाचं उदाहरण घ्या. संध्याकाळची वेळ, काजळीच्या मुखावर सोनेरी ऊन, सायकलवाला रमतगमत पुलाच्या मधून चाललेला, आणि त्याच्या मागे एसटी. आत पन्नास माणसं, कोणाला पावसला, कोणाला पूर्णगडला जायचं, कोणाचं पोर रडतंय, कोणाच्या पिशवीतले मासे घरी पोचायची वाट बघतायत. इथे भारा कोणाच्या डोक्यावर? एसटीच्या. मोकळ्या हाताचा कोण? सायकलवाला. त्याने पूल संपताच बाजूला थांबून एसटीला पुढे जाऊ द्यावं, त्यात त्याचं काही जात नाही. उलट दम घ्यायला सबब मिळते. चढावर तो भारावाला, पुलावर तो मोकळा. कोण लहान आणि कोण मोठा यावर हे ठरत नाही.

रविवारच्या गटांना तर हे हात जोडून सांगायला हवं. तिघे-चौघे शेजारी-शेजारी, रस्ताभर पसरून, गप्पा मारत. विषय ठरलेले: कोणाची साखर किती उतरली, टायर कोणता बरा, मागच्या रविवारी कोण आलं नाही आणि त्याची बायको काय म्हणाली. यातलं काहीही मागे-पुढे चालवून बोलता येत नाही हे मला मान्य आहे. म्हणून ते चहाच्या टपरीवर बोलावं. टपरी त्यासाठीच आहे, आणि या मंडळींचा जितका वेळ सायकलवर जातो त्याहून जास्त टपरीवर जातो, हे घरी कोणाला ठाऊक नसलं तरी टपरीवाल्याला ठाऊक आहे.

दिव्याचंही तसंच. पूर्वी बिनदिव्याच्या सायकलवाल्याला हवालदार अडवायचा आणि दंडाऐवजी चाकातली हवा सोडायचा. शिक्षा फार नेमकी होती. अंधारात घरी चालत जाताना माणूस दिव्याचाच विचार करायचा. तेव्हाचा डायनामो मागच्या चाकाला घासत घरघरायचा, पाय जड करायचा, आणि सायकल थांबली की दिवाही जायचा. आज शर्टाच्या बटणाएवढा लुकलुकणारा लाल दिवा थोडक्या पैशांत मिळतो, आणि तरी संध्याकाळी कुवारबावच्या बाजूला कितीतरी सायकली अंधारात नुसत्या आवाजावरून ओळखाव्या लागतात. पावसाळ्यात तर कमाल असते. काळा रस्ता, काळी सायकल, काळा रेनकोट, आणि एका हातात काळी छत्री. समोरून मोटार येते ती वरचा दिवा पूर्ण फेकत, डिपर देणं म्हणजे जणू माघार. मग ना याला रस्ता दिसतो, ना त्याला माणूस. दोघेही एकमेकांना जे बोलतात ते पावसात ऐकू येत नाही हे बरं.

पाऊस म्हटला की आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. रस्त्यावर लाल माती येते, पुलांच्या कडेला शेवाळ धरतं. सायकलची ब्रेकपट्टी ओली झाली की आधी नुसती पाणी पुसते, मग थांबवते. म्हणून पावसात सायकलवाल्याच्या मागे मोटारीने एरवीच्या दुप्पट अंतर ठेवलं तरी ते जास्त होत नाही. उन्हाळ्यातही तो सुखी नसतो. मिरकरवाड्याहून मासळीचे टेम्पो निघतात आणि बर्फाचं खारट पाणी सांडत शहरभर जातात. त्या ओल्या पट्ट्यावर वळणात सायकल गेली की माणूस मासळीसारखाच सुळकन सरकतो. मोटारवाल्याला तो पट्टा फक्त वासाने कळतो, म्हणून सायकलवाला मधेच उजवीकडे का सरकला याचा त्याला राग येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हे पाणीही बंद होतं. त्या दोन महिन्यांत निसरड्याचं काम पाऊस बघतो.

आणखी एक धोका उभ्या गाडीचा. बाजारात गाडी कडेला लावलेली असते, आतला माणूस बिलाचे पैसे मोजत असतो, आणि मागे न बघता दार उघडतो. सायकलवाल्याला ते दार म्हणजे अचानक उभी राहिलेली भिंत. ब्रिटनच्या वाहतूक-नियमावलीत २०२२ साली यावर एक साधा उपाय सांगितला गेला. दारापासून लांबच्या हाताने दार उघडायचं. आपल्याकडेही चालक त्यांच्यासारखाच उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने डाव्या हाताने उघडायचं. डावा हात उजव्या दाराकडे नेला की कंबर वळते, कंबर वळली की मान वळते, आणि मान वळली की मागून येणारा दिसतो. उपाय नामी आहे. अडचण एवढीच की आपल्याकडे डाव्या हाताने काही शुभ काम करायचं नाही अशी लहानपणापासूनची शिकवण. पण दार उघडणं हे काही प्रसाद घेणं नव्हे. आणि आजीला कळलं तरी ती रागावणार नाही. उजव्या हाताने उघडलेल्या दारावर कोणाचं पोर आपटलं तर मात्र ती ऐकून घेणार नाही.

हल्ली नानांनी एक नवीन पद्धत काढली आहे. चढावर मागे गाडी थांबून राहिली, हॉर्न न देता, तर वर पोचल्यावर ते डावा पाय टेकून थांबतात आणि गाडीला हाताने पुढे जा म्हणून सांगतात. नंबर एमएच-०८ असला तर आतला माणूस मान हलवतो. बाहेरच्या जिल्ह्यातला असला तर काच खाली करून "थँक्यू अंकल" म्हणतो. नानांना 'अंकल' आवडत नाही, पण त्या निमित्ताने ते गणपतीपुळ्याचा जवळचा रस्ता सांगतात, आंबे कुठे घेऊ नयेत हेही सांगतात, आणि मागे तिसरी गाडी येऊन उभी राहते. या खेपेला हॉर्न वाजतो तो नानांमुळे. शिष्टाचार फार झाला की त्याचीही वाहतूक कोंडी होते.

महामार्गाचं मी मुद्दाम काही बोललो नाही. मुंबई-गोवा रस्ता चौपदरी होतो आहे, म्हणजे बरीच वर्षं होतो आहे, आणि हातखंब्याच्या बाजूला सायकल घेऊन जायचं तर काळीज वेगळ्या धातूचं लागतं. तिथे वाटेल त्याने वाटेल तिकडून यावं अशी सध्याची वहिवाट आहे. सायकलवाल्यांनो, त्या रस्त्याला उलट्या बाजूने जाऊन अर्धा किलोमीटर वाचवू नका. समोरून येणारं दिसतं म्हणून उलटी बाजू बरी, हा युक्तिवाद पायी चालणाऱ्याला शोभतो, चाकावर बसलेल्याला नाही. दोघांचे वेग एकमेकांत मिळवले जातात आणि विचार करायला दोघांनाही वेळ उरत नाही.

गणपतीला आता मुंबईहून गाड्या निघतील. डिकीत आरास, मागच्या सीटवर आजी, पुढे आरतीचं पुस्तक आणि घरी नैवेद्याच्या आत पोचायची घाई. या, जरूर या, रस्ते तुमचेच आहेत. फक्त घाट उतरलात की सायकलवाल्याच्या मागे जरा दमानं घ्या. चढावर तो तुमच्या पुढे असेल तर हॉर्न देऊ नका. तुम्ही मागे आहात हे त्याला माहीत आहे. तुमच्या गाडीत लागलेलं गाणं त्याने दोन वळणं आधीच ऐकलेलं असतं.